वैशाखात गाठीचा ताप का थांबायचा?

दिवाळी आटोपते, कापसाची वेचणी जोरात येते, तुरीला फुलोरा धरतो आणि पहाटे पांघरूण ओढावेसे वाटते. या दिवसांत आमच्या दवाखान्यात पायाच्या जखमा घेऊन येणाऱ्यांची गर्दी असते. कुणाला खुंट लागलेला, कुणाला विळा, कुणाच्या पायात बाभळीचा काटा मोडलेला. परवा असेच ऐंशी ओलांडलेले एक काकाजी आले. काटा त्यांनी घरीच सुईने टोकरून काढला होता. आठ दिवसांनी जखम चिघळली आणि जांघेत सुपारीएवढी गाठ आली. आपल्याकडे याला अवधान आले म्हणतात. मी गाठ चाचपून पाहत होतो, तर काकाजी हसत म्हणाले, "डाक्टर, हे पिलेगाची गाठ त नाही ना?"

तशी ती नव्हती. जखमेतला पू जांघेतल्या ग्रंथीने अडवला होता, एवढेच. पण काकाजी तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या आईने गाठीच्या तापाचे दिवस पाहिलेले होते. गावात उंदीर पडू लागले की लोक घराला कुलूप घालून वावरात जात, तुराट्या-पऱ्हाटीच्या कुडाच्या झोपड्या टाकून राहत. ते सगळे सांगून त्यांनी विचारले, "मायी माय सांगे, थंडी सुरू झाली का गाठी येत आन् वैशाखात ऊन तापलं का आपोआप बंद होत. औषध नाही, पानी नाही. मंग थे बंद कावून होत?"

वाचकहो, चाळीस वर्षांच्या व्यवसायात मला विचारले गेलेले जे मोजके उत्तम प्रश्न आहेत, त्यांत हा एक. कुणी म्हणे देवीचा कोप शांत झाला, कुणी म्हणे उन्हाने हवेतले विष जळाले. दोन्ही खरे नाही. निरीक्षण मात्र अगदी बरोबर आहे. त्याचे कारण एका पिसवेच्या पोटात दडलेले आहे आणि ते शोधून काढण्याचा मोठा वाटा आपल्याच मुंबईत पार पडला.

मांडवीची धान्यकोठारे

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी पहिला रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला, धान्याच्या वखारींनी भरलेला भाग. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधला होता. म्हणजे जंतू माहीत होता. तो माणसाच्या अंगात कसा शिरतो, हे मात्र कुणालाच माहीत नव्हते. घाणीतून येतो, जमिनीतून येतो, श्वासातून येतो, पायाच्या भेगांतून शिरतो, असे नाना तर्क होते.

मार्ग माहीत नसताना केलेले उपाय कसे उलटतात, याचा धडा त्या काळात मिळाला. सरकारने घरे कार्बोलिकच्या पाण्याने धुतली, सामान रस्त्यावर काढून जाळले, आजाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना वेगवेगळ्या छावण्यांत नेले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. पुण्यात सैनिक घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्यांत झाला, हे शाळेत आपण सर्वांनी वाचले आहे. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

घरे धुऊन काय झाले? उंदरांना राहती जागा सोडावी लागली, ते शेजारच्या घरात गेले आणि रोग बरोबर घेऊन गेले. लोक झडत्यांच्या भीतीने आजारी माणूस माळ्यावर, पोत्यांमागे लपवू लागले. लपवलेल्या रुग्णाला ना उपचार मिळाला ना पाणी. ही लपवाछपवी मी पुढे १९९४ सालीही पाहिली. ते नंतर सांगतो.

१८९८ साली कराचीत पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने एक साधा प्रयोग केला. त्याच्या लक्षात आले होते, की काही रुग्णांच्या पायावर बारीक फोड असतो आणि तो फोड पिसू चावल्यासारखा दिसतो. मोठ्या काचेच्या बरणीत त्याने पिसवा असलेला प्लेगचा आजारी उंदीर ठेवला आणि त्याच्या वर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही, पण पिसू उडी मारून वर जाऊ शकेल, अशी रचना. खालचा उंदीर मेला. काही दिवसांनी वरचाही मेला, प्लेगनेच. इतका स्वच्छ पुरावा असूनही बरीच वर्षे सिमाँवर कुणी विश्वास ठेवला नाही!

विश्वास बसला तो १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगामुळे. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग हे सशासारखे छोटे प्राणी पिंजऱ्यात ठेवले. जमिनीवरचे आणि जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेले प्राणी मेले. दोन फुटांवर टांगलेले जगले. रोग हवेतून येत असता तर दोन इंच आणि दोन फूट यांत काय फरक पडला असता? फरक पिसवेच्या उडीचा होता. उंदराची पिसू चार-सहा इंचांपलीकडे उडू शकत नाही. म्हणून तर ती बहुधा पायाला चावते, आणि म्हणून प्लेगची गाठ बहुतेकांना जांघेत येते. आपण खाटेवर झोपतो की जमिनीवर पोते टाकून झोपतो, याला त्या काळी किती मोल होते, याची कल्पना यावरून यावी.

पिसवेचा गळा आवळला जातो

आता काकाजींच्या प्रश्नाकडे येऊ. प्लेग हा मुळात माणसाचा रोग नाही, उंदरांचा आहे. उंदराच्या रक्तात प्लेगचे जंतू असतात. पिसू ते रक्त पिते. तिच्या जठराच्या तोंडाशी एक झडप असते आणि त्या झडपेला बारीक काट्यांची रांग असते. जंतू तिथे वाढतात, एक चिकट गोळा तयार करतात आणि हळूहळू झडप बुजवून टाकतात. १९१४ साली बेकट आणि मार्टिन या दोघांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सिद्ध केले.

झडप बुजलेल्या पिसवेचे हाल होतात. ती रक्त ओढते, पण ते पोटात उतरतच नाही. भूक भागत नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते. प्रत्येक वेळी ओढलेले रक्त झडपेवर आदळते आणि जंतूंसह परत जखमेत येते. आपण मोट बिघडलेली विहीर उपसावी, तसा प्रकार. अशी पिसू उपाशी मरतेच, पण मरण्यापूर्वी अनेकांना देऊन जाते.

आणि ऋतूचे गुपित इथेच आहे. हा चिकट गोळा थंड हवेत, साधारण २० ते २५ अंश सेल्सिअसला, छान जमतो. हवा २८ अंशांच्या वर गेली की तो नीट धरत नाही. पिसवेच्या पोटातले जंतू साफही होऊन जातात. म्हणजे पिसू जिवंत असते, चावतेही, पण रोग देण्याचे तिचे सामर्थ्य घटते. अलीकडच्या संशोधनात असेही दिसले आहे, की रक्त प्यायल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत झडप बुजण्याआधीही पिसू थोडाफार रोग देऊ शकते. त्यामुळे उष्णतेचा पहारा शंभर टक्के नाही. पण साथीचा जोर मोडायला तो पुरेसा होतो.

दुसरी गोष्ट कोरडेपणाची. पिसवेला पाणी पिता येत नाही. अंगातला ओलावा टिकवणे हाच तिचा जगण्याचा आधार. तिची अंडी उंदराच्या अंगावरून घरंगळून बिळात, जमिनीच्या फटीत, पोत्यांखालच्या भुशात पडतात. त्यातून निघणाऱ्या अळ्या धुळीतले कण, धान्याचा चुरा, पिसवांची वाळलेली विष्ठा खाऊन वाढतात. त्यांना ओल हवी. हवा कोरडी पडली की अळ्या वाळून मरतात. मोठी पिसूही दमट गारव्यात अन्नाशिवाय कित्येक आठवडे काढते. कोरड्या उन्हात काही दिवसांतच संपते. आता आपला वैशाख आठवा. सावलीतला पारा ४४-४५ वर आणि दुपारची हवा अशी कोरडी, की ओला पंचा दहा मिनिटांत कडक व्हावा. उलट मार्गशीर्ष-पौषात कौलारू मातीच्या घरातली हवा पिसवेसाठी जणू बेतून केलेली. त्यात दाणा नुकताच घरात आलेला, शेते मोकळी झालेली, म्हणून शेतातले उंदीर गावाकडे वळलेले. काकाजींच्या आईचे पंचांग चुकलेले नव्हते.

प्रत्येक गावचे पंचांग मात्र वेगळे असे. मुंबईत समुद्राच्या दमटपणामुळे साथ फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शिगेला पोहोचे. पंजाबात, जिथे थंडी कडक, तिथे ती एप्रिलच्या सुमारास चढे आणि जूनच्या भट्टीत एकदम कोसळे. जंतू तोच, उंदीर तोच, पिसूही तीच. फरक हवेचा. या सगळ्यात देशाने काय भोगले, तर १९०७ या एकाच वर्षात दहा लाखांहून अधिक माणसे गेली आणि १८९६ पासूनच्या पन्नासेक वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास.

एक मात्र लक्षात ठेवायला हवे. वैशाखात प्लेग थांबायचा, संपायचा नाही. बाहेर ४५ अंश असले तरी उंदराच्या खोल बिळात गारवा आणि ओल असते. तिथे थोडे उंदीर, थोड्या पिसवा आणि थोडे जंतू उन्हाळा काढत. शेतात बिळे करून राहणारे काही जंगली उंदीर तर रोग अंगावर घेऊनही सगळेच मरत नाहीत. पावसानंतर घरातल्या उंदरांची नवी पिढी तयार झाली की विस्तव पुन्हा फुंकला जाई. लोक मात्र उन्हाळ्यात निर्धास्त होऊन घरी परतत आणि कोनाडे-कणग्या तशाच ठेवत.

१९९४ : मामला आणि सुरत

स्वातंत्र्यानंतर मलेरियासाठी घरोघर डीडीटी फवारले गेले, त्यात पिसवाही मेल्या. पुढे टेट्रासायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन आले. १९६६ साली कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि आम्ही वैद्यकाचे विद्यार्थी प्लेग हा धडा परीक्षेत सोडून देऊ लागलो.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडले. मग पिसवांचा उपद्रव सुरू झाला. मग गाठीचे रुग्ण. क्रम पाहा, तो शंभर वर्षांपूर्वीचाच आहे. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीचा भूकंप झाला होता. पडक्या घरांत राहिलेल्या धान्यावर उंदीर माजले आणि जंगली उंदरांतला रोग घरच्या उंदरांत आला, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. भूकंपाचा भाग मामल्यापासून बराच दूर आहे, त्यामुळे हे कारण एकटे पुरेसे मला कधी वाटले नाही. पण पावसाळ्याची गार, दमट हवा पिसवांच्या सोयीची होती, हे नक्की.

सप्टेंबरात सुरतमध्ये वेगळेच रूप दिसले. आपल्या मेळघाटाला वळसा घालून जाणारी तापी तिथे पूर घेऊन गेली होती. वस्त्यांत चिखल, मेलेली जनावरे, कचरा. तिथे फुप्फुसाचा प्लेग पसरला. हा प्रकार खोकल्याच्या तुषारांतून थेट माणसाकडून माणसाला होतो. त्याला पिसू लागत नाही. लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाले. देशभरात मृत्यू पन्नासच्या वर झाले, बहुतेक सुरतेतले. तो प्लेगच होता का, यावर बरीच वर्षे वाद चालला. पुढे जंतूंच्या जनुकीय तपासणीने तो प्लेगचाच जंतू असल्याचे दाखवून दिले.

त्या दिवसांत आमच्या गावात काय चालले होते? औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन दोन दिवसांत नाहीसे झाले. खोकला नसलेले लोक कॅप्सूल खात होते आणि ज्याला खरोखर हवी त्याला मिळत नव्हती. बाजारात तोंडाला रुमाल बांधलेली माणसे. एखादा उंदीर मेलेला दिसला की त्याला बघायला पोरांची गर्दी. आणि त्याच आठवड्यात एका तिशीच्या शेतमजुराला रात्री त्याचा भाऊ सायकलवर बसवून घेऊन आला. पायाला कुऱ्हाड लागून सहा दिवस झाले होते. जांघेत अवधान आले. ते पाहून बायको रडायला लागली, याला प्लेग झाला म्हणून. गावात कळले तर उचलून नेतील, या धास्तीने घरच्यांनी त्याला आतल्या खोलीत चार दिवस झाकून ठेवले. जखम साधी होती. पहिल्या दिवशी आला असता तर ड्रेसिंग आणि गोळ्यांनी बरा झाला असता. माझ्यापर्यंत पोहोचला तेव्हा पाऊल काळवंडले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले. जीव वाचला, दोन बोटे गेली. प्लेग आमच्या गावात आलाच नव्हता, तरी त्याने त्या माणसाची दोन बोटे नेली, असे मी मानतो.

म्हणून अवधान आणि प्लेगची गाठ यांतला फरक सांगतो. अवधानाला पायावर कुठेतरी जखम, नखुरडे, काटा असे कारण सापडते. ताप असला तरी बेताचा. माणूस लंगडत का होईना चालत येतो. प्लेगमध्ये पिसू चावल्यावर एक ते सात दिवसांत एकाएकी थंडी वाजून सणकून ताप येतो, डोके फुटायला होते, माणूस एका दिवसात गळून जातो. गाठ इतकी दुखते, की रोगी पाय दुमडूनच पडून राहतो, हात लावू देत नाही. आणि घरात किंवा शेजारी उंदीर पडलेले असतात. असे असेल तर एक रात्रसुद्धा काढू नये. उपचार न केल्यास गाठीच्या प्लेगमध्ये शंभरांतले तीस ते साठ दगावतात, फुप्फुसाच्या प्लेगमध्ये जवळपास सगळेच. वेळेवर स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन मिळाले तर बहुतेक वाचतात. ही औषधे महाग नाहीत. पेनिसिलिनचा मात्र यात उपयोग होत नाही, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून कुठलेही इंजेक्शन घेऊन वेळ दवडू नये.

हवा बदलते आहे, मग पुढे काय?

हा प्रश्न मला शाळेतल्या मुलांनीही विचारला आहे. पृथ्वी तापते आहे, तर प्लेग वाढणार का? उत्तर सरळ नाही. कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात जंगली उंदरांच्या अनेक दशकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वसंत ऋतू एक अंशाने उबदार झाला तर तिथल्या उंदरांत प्लेगचे प्रमाण निम्म्याहून अधिक वाढते, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. तिथे थंडी इतकी, की थोडी ऊब पिसवांना लाभते. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको भागात हिवाळ्यात-वसंतात पाऊस जास्त झाला की पुढे माणसांत रुग्ण वाढतात. पण कडक उन्हाचे दिवस जास्त झाले की कमी होतात. पाऊस म्हणजे गवत, गवत म्हणजे दाणे, दाणे म्हणजे उंदीर, असा हा हिशेब. म्हणजे एकाच तापमानवाढीने एका मुलखात रोग वाढेल आणि दुसरीकडे घटेल. आपल्या वऱ्हाडात उन्हाळा आणखी तापला तर पिसवेला तो सोसणार नाही. पण मार्चमध्ये गारपीट, मे महिन्यात अवकाळी, दिवाळीनंतरही लांबलेला पाऊस, अशी ओल वर्षभर पसरत गेली, तर कोरडेपणाचा जो पहारा आपल्याला फुकट मिळत होता, तो ढिला पडतो. ढिला पडतो म्हणजे प्लेग येतोच असे नाही. अंजनगावात उद्या प्लेग येईल, असे मला मुळीच वाटत नाही. पण तो जगातून गेलेला नाही. आपल्याच देशात २००२ साली हिमाचलात आणि २००४ साली उत्तरकाशीकडे रुग्ण सापडले. मादागास्करात २०१७ साली दोन हजारांवर रुग्ण आणि दोनशेच्या वर मृत्यू झाले.

आपल्यासाठी जवळची गोष्ट निराळी आहे. उंदीर, ओल आणि बारीक किडे यांची तीच साखळी आज आपल्याकडे दुसऱ्या नावांनी हजर आहे. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूरसह विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले आणि त्यात मृत्यूही झाले. गवतातल्या, झुडपातल्या चिगर नावाच्या अतिसूक्ष्म किड्याची पिल्ले एरवी उंदरांवर जगतात. गवत कापताना, धुऱ्यावर बसताना ती माणसाला चावतात. चावा दुखत नाही. दहाएक दिवसांनी ताप येतो आणि चावल्या जागी बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते. ती कमरेला, काखेत, जांघेत, अशा झाकल्या जागी असते. स्त्रिया संकोचाने सांगत नाहीत आणि डॉक्टरही घाईत पाहत नाहीत. पावसाळ्यात पाच दिवसांच्या वर ताप राहिला तर घरच्या बाईमाणसाने एकदा सर्वांग पाहून घ्यावे आणि खपली दिसली तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. यालाही डॉक्सिसायक्लिन लागू पडते. नेहमीची तापाची भारी इंजेक्शने कितीही दिली तरी हा ताप हटत नाही.

दुसरा लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या लघवीतला जंतू ओल्या मातीत टिकतो आणि पायाच्या भेगांतून शिरतो. आपल्या पानमळ्यांत वहाणा काढून जायची रीत आहे. नागवेल आणि पानपिंपरी आमच्या गावचे वैभव, ती रीत मोडा असे मी म्हणणार नाही. पण मळा सतत ओला, सावलीचा आणि गार असतो, आणि उंदरांनाही तो आवडतो. पायाला चीर, भेग असेल तर तेवढे दिवस पट्टी बांधून जावे आणि बाहेर आल्यावर साबणाने पाय धुवावेत. पावसाळ्यात ताप येऊन पोटऱ्या मोडून आल्यासारख्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर कावीळ दिसायची वाट पाहू नये.

राहिले उंदीर. इथे एक गोष्ट उलटी वाटेल. घरात उंदीर आपोआप मरून पडत असतील, एकामागून एक, तर त्या वेळी विष घालून उरलेले उंदीर मारणे हा घातक उपाय आहे. मेलेला उंदीर थंड पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा उतरतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधतात. घरात उंदीरच उरला नाही, तर ते अंग आपले असते. उंदीर पडल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत माणसे आजारी पडत, त्याचे कारण हेच. अशा वेळी आधी पिसवा मारायच्या, उंदीर नंतर. पिसवांची पूड बिळांच्या तोंडाशी आणि उंदरांच्या वाटेवर टाकतात, पण ते काम आरोग्य खात्याच्या माणसांकडूनच करून घ्यावे. मेलेल्या उंदराला हाताने उचलू नये, शेपटीला धरून उकिरड्यावर फेकू नये, पोरांना जवळ जाऊ देऊ नये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी कळवावे. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. मामल्यात उंदीर पडल्याची वार्ता वर पोहोचायला लागलेले दिवस पिसवांनी वाया घालवले नव्हते.

एरवी मात्र, म्हणजे उंदीर धडधाकट धावत असताना, त्यांचा बंदोबस्त खुशाल करावा. धान्याची पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत, म्हणजे मागे झाडता येते. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, पोती बाहेर काढून कोठी पूर्ण रिकामी करावी आणि भुसा, चुरा, धूळ काढून दोन दिवस ऊन आत घ्यावे. आपल्या आज्या अक्षय्यतृतीयेच्या सुमारास कणग्या वाळवत. त्या उन्हात किडीबरोबर पिसवांच्या अळ्याही जात होत्या. घरात लहान मूल असेल तर औषधापेक्षा पिंजरा बरा.

काकाजींची जखम मी साफ केली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. पायरी उतरता उतरता ते पुन्हा वळले. "घरात उंदरं लय झाले डाक्टर. पिंजरा लावू का नोको?"

"मरून पडलेला दिसला का एखादा?"

"कायचा मरते! परवा मायी नवी टोपी कुरतडली."

"मग लावा," मी म्हणालो.